वही उघडली की सगळे झपाझप!

सुरसागरवाली:
पीएचडीसाठी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात आठवड्यातून तीन दिवस कामगारांचं काम टिपत बसते. मी वही उघडली की सगळ्यांचे हात झपाझप. चहालाही कुणी उठत नाही. परवा एक काका म्हणाले, "ताई, लिहा ना, आमचा पंखा बंद आहे." आता ही आकडेवारी खरी धरू का?

निवृत्त फोरमन:
दोन आठवडे वही न्यायचीच नाही. त्यांच्यासोबत सेवउसळ खा. आमच्याकडे कामाचा वेळ मोजणारे घड्याळवाले साहेब आले की आम्ही उलट हळू काम करायचो. नगामागचा दर कापतील ही भीती!

बिनपगारी मास्तर:
कुणी बघतंय म्हणून माणसं वेगळं काम करतात, याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग, १९२४ ते १९३२. त्यांवर वादही पुष्कळ झालेत. त्यापेक्षा आपल्या शेजारचं वाचा: ब्रिटिश संशोधक ए. के. राइस, अहमदाबादची कॅलिको कापड मिल, १९५३. ऑटोमॅटिक माग आणूनही उत्पादन वाढेना, कारण कोण कुणासोबत काम करतो हेच धड ठरलेलं नव्हतं. मग सात-सात जणांचे गट केले, एका गटाकडे ६४ माग. उत्पादन वाढलं, खराब कापडही घटलं.

सुरसागरवाली:
वाचते. पंख्याचं मात्र लिहिलंय, वेगळ्या पानावर.