मदत हवी आहे: हलका कोक ओ व्हँ – रस्सा आंबट, पातळ होतोय

कोक ओ व्हँ, म्हणजे फ्रान्समधल्या बरगंडीच्या पद्धतीचं रेड वाइनमधलं चिकन, कमी स्निग्ध करायचंय. चौघांसाठी १ किलो स्किनलेस चिकन (लेग आणि ब्रेस्ट), ७५० मिली वाइन, २५० ग्रॅम मशरूम, १५ छोटे कांदे घेतले. बेकन, लोणी, मैदा वगळला. झाकण ठेवून दीड तास शिजवलं. रस्सा जांभळट, आंबट आणि पाण्यासारखा झाला, ब्रेस्टचा चोथा झाला. लोण्याशिवाय दाटपणा कसा आणायचा?

प्रतिसाद १
दीड तास हा जून कोंबड्याचा वेळ आहे. फ्रेंचमध्ये 'कोक' म्हणजे कोंबडाच. त्याच्या चिवट मांसातलं कोलॅजन (शिजून जिलेटिन होणारं प्रथिन) सावकाश विरघळतं आणि रश्श्याला अंग येतं. ब्रॉयलर कोवळा असतो, त्यात तेवढं कोलॅजन नसतं. हाडासकट लेग-थाय घ्या, ३५–४० मिनिटं मंद आचेवर शिजवा, खदखदू देऊ नका. ब्रेस्ट हवंच असेल तर मोठे तुकडे शेवटच्या १५ मिनिटांत घाला.

आंबटपणाचं कारण वाइनचं प्रमाण. आटवल्यावर अल्कोहोलचा उग्रपणा कमी होतो, आम्ल मात्र तिथेच राहतं. ४०० मिली वाइन रुंद भांड्यात आधी एकटीच निम्मी आटवा, मग ४०० मिली बिनमिठाचा चिकन स्टॉक घाला (मिठाचा घेतलात तर शेवटी खारट होईल). दोन गाजरं आणि एक मोठा कांदा बदामी परतून घाला, गोडवा तिथून येतो. त्यातच १ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट गडद होईपर्यंत परतली की जांभळी छटाही जाते.

दाटपणासाठी चिकन शिजल्यावर काढून घ्या. त्यातलंच शिजलेलं गाजर-कांदा अर्धी वाटी रश्श्यात वाटून परत घाला आणि झाकण न ठेवता ८–१० मिनिटं आटवा. तरी पातळ वाटला तर २ चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला, मिनिटभर उकळी द्या.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटतं, पण बेकन पूर्ण काढू नका. चौघांना ४० ग्रॅम पुरतं. बारीक काड्या करून गार कढईत ठेवा आणि मग आच लावा, चरबी हळूहळू सुटते. चमचाभर ठेवून बाकीची ओतून द्या आणि त्यातच चिकन कोरडं पुसून लालसर करा. डुकराचं खात नसाल तर मशरूमवर भर द्या: कढई कडक तापवा, दोन घाण्यांत भाजा, मीठ शेवटी. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि ते उकडतात. भांडं उघड्या अॅल्युमिनियमचं नको, वाइनच्या आम्लाने धातूची चव उतरते.

धागाकर्ता
धन्यवाद! पिनो न्वार (बरगंडीची रेड वाइन) महाग पडते. नाशिकची शिराझ (दुसऱ्या द्राक्षाची रेड वाइन) चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण ओकच्या पिंपात मुरवलेली 'रिझर्व्ह' नको. तिच्यातलं टॅनिन (तुरट घटक) आटून कडवट लागतं. साधी, तरुण बाटली घ्या. आणि जमलं तर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. थायची उरलेली चरबी वर थिजते, ती चमच्याने काढून मगच गरम करा. मशरूम आणि वेगळे परतलेले छोटे कांदे तेव्हाच घाला.