म्युटेशन म्हणजे फेरफार म्हणायचं का?

चाळीसगावकर: एक शब्द विचारायचाय. जिनोम सिक्वेन्सिंगला पेपरात कुठे 'जनुकीय क्रमनिर्धारण' लिहितात, कुठे नुसतं 'जनुकीय चाचणी'. जून २०२१ मध्ये राज्यात करोनाच्या डेल्टा प्लस या प्रकाराचे २१ रुग्ण सांगितले ना, त्यात आपल्या जळगावचे ७ होते, तेव्हा आमच्या आप्पांना वाटलं या लोकांच्या रक्तातच काहीतरी खानदानी दोष निघाला. बरोबर शब्द कोणता?

भुसावळकर: आप्पांचं काय चुकलं भो, शब्दच तसा आहे. 'जनुकीय चाचणी' म्हटलं की माणसाचीच जनुकं तपासली असं वाटणार. इथे वाचतात ती विषाणूची. करोनाचा जिनोम साधारण ३० हजार अक्षरांचा, ती कोणती कोणापुढे आलीय ते सगळं वाचून काढायचं. मी तर सरळ 'विषाणूचं जनुकवाचन' म्हणतो. क्रमनिर्धारण चूक नाही पण तोंडात बसत नाही.

अमळनेरवाली: मला मजा म्युटेशनची वाटते. विज्ञानाच्या पुस्तकात ते उत्परिवर्तन आणि तलाठ्याकडे तेच म्युटेशन म्हणजे फेरफार! डेल्टावर के४१७एन नावाचा एक फेरफार जास्त चढला की डेल्टा प्लस, एवढं सांगितलं असतं तर पारावरच्या माणसालाही समजलं असतं.

चाळीसगावकर: पण ताई, फेरफार माणूस अर्ज देऊन करतो. विषाणू कुठे अर्ज देतो, नक्कल करताना चूक होते त्याची.

अमळनेरवाली: बरं, मग सातबाराच घ्या. आमच्या आजोबांच्या नावात 'ळ' चा 'ल' झाला तो पुढच्या प्रत्येक नकलेत 'ल'च उतरत गेला, आता 'ल'वाला कागद दिसला की कळतं हा कुठून निघालाय. साथीत हेच बघतात, दोन गावांच्या नमुन्यांत त्याच त्या चुका निघाल्या तर संसर्गाची साखळी बहुतेक एकच.

भुसावळकर: वा! आणि सर्व्हेलन्सचं काय? सरकारी शब्द 'सर्वेक्षण', पण ते म्हटलं की आशाताई वही घेऊन दारात. 'पाळत' म्हटलं की पोलीस. मला 'राखण' आवडतो, दाणे भरले की माळ्यावर बसतो ना आपण तसं, डिसेंबर २०२० ला इन्साकॉगमध्ये, म्हणजे विषाणूची जनुकं वाचणाऱ्या लॅबच्या सरकारी जाळ्यात, १० लॅब बसवल्या त्या नवीन व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, लवकर दिसावा म्हणूनच.

धुळेकर: राखण करणाऱ्याच्या हातात गोफण असते भाऊ. लॅबवाला फक्त पाखरू कोणतं ते सांगतो. टेहळणी म्हणा.