मदत हवी आहे: 'मॅगट ब्रेन'ची रीमास्टर सीडी घेऊ का?

मंडळी, फंकाडेलिक या अमेरिकन फंक-रॉक बँडचा 'मॅगट ब्रेन' (१९७१) हा अल्बम माझ्याकडे जुन्या सीडीवर आहे. आता २००५ची रीमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने सुधारून काढलेली) सीडी खुणावतेय. मूळ सात गाण्यांपुढे तीन जादा ट्रॅक, त्यात शीर्षकगीताचं वेगळं मिक्स (म्हणजे वाद्यांचे आवाज कमीजास्त करून केलेली जुळणी). मूळ मिक्समध्ये बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनने बाकीची वाद्यं जवळजवळ पुसून दहा मिनिटं बँडचा गिटारवादक एडी हेझलची गिटार मोकळी सोडली. या दुसऱ्यात अख्खा बँड ऐकू येतो. (मूळच भारी, वाद नको. पण उत्सुकता गप्प बसू देत नाही.)

दोन्ही सीडी शेजारी लावून कुणी ऐकल्यात का? नुसता आवाज चढवलाय की खरंच सफाई झालीये? मला धास्ती वेगळीच आहे. गिटारचा सूर तुटल्यावर मागे एको घुमत राहतो ना, हेडफोनवर अंगावर काटा येतो, तो टेपची खरखर काढताना कापला गेला असेल तर मला नकोच.

आणि मागवताना खात्री कशी करायची? मागे एकाने रीमास्टर सांगून जुनीच माथी मारली होती. कव्हरमागे दहा ट्रॅक छापलेले दिसले की बास, की आणखी काही बघावं?