पल्लवीनं लग्नाचं विचारलं; आता पत्रिका कोणी न्यायची?

मेघना: सगळ्यांना कळवायचं होतं. पल्लवीचं जवळजवळ ठरलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, मूळचा नाशिकचा. तिनंच त्याला विचारलं. आता त्याच्या आईचा निरोप आलाय की मुलीकडून रीतसर पत्रिका येऊ दे, मग बैठकीचं बघू. दादा, अक्का, तुम्ही सांगाल तसं करू.

सुजित (डब्लिन): अरे वा! अभिनंदन पलू!

माधवकाका: अभिनंदन. पण 'तिनंच विचारलं' हे ग्रुपवर लिहायची काय गरज होती? उद्या त्या लोकांच्या कानावर गेलं तर म्हणतील मुलगी गळ्यात पडली.

ऋचा: काका, त्यांच्याच मुलाला विचारलंय. कानावर गेलं असेल एव्हाना.

माधवकाका: विनोद पुरे. मी व्यवहाराचं बोलतोय. ज्याला गरज तो विचारतो, आणि जो विचारतो त्याला बैठकीत खाली मान घालून बसावं लागतं. कार्यालय कोणाचं, मानपान किती, जावयाला अंगठी की चेन, सगळीकडे. मी बऱ्याच बैठकांना बसलोय.

सुजित (डब्लिन): इकडे आयर्लंडमध्ये एक जुनी प्रथा सांगतात. २९ फेब्रुवारीला बायकांनी पुरुषाला मागणी घालायची.

ऋचा: चार वर्षांतून एक दिवस. फारच उदार.

माधवकाका: ते तुमच्याकडे ठेव. आपल्यात मुलाकडून विचारणा होते.

नंदाआत्या: कधी झाली? माधव, आपल्या घरात मुलाकडून आधी विचारणा कधी झाली? थांब, बोलून टाइप करतेय, चुका होतील.

नंदाआत्या: आम्हा बहिणींची लग्नं तुझ्या डोळ्यांदेखत झाली. प्रत्येक वेळी अण्णाच गेले. खांद्याला शबनम, त्यात पत्रिकेच्या हातानं काढलेल्या नकला आणि माझा तो साताऱ्याच्या स्टुडिओतला फोटो, कुंडीवर हात ठेवलेला. लांबच्या स्थळाला अण्णा जोडकार्ड टाकायचे, म्हणजे उत्तराचे पैसेसुद्धा समोरच्याला पडू नयेत. मग त्यातलं अर्धं कार्ड परत यायचं, 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.' फलटणच्या एका स्थळाकडून हेच उत्तर आलं आणि त्यांना तर अण्णांनी पत्रिका पाठवलीच नव्हती, नुसती चौकशी केली होती! आई हसली. अण्णा नाही हसले, कार्ड घडी घालून पंचांगात ठेवून दिलं.

आणि बघायला आले की? मुलाच्या मावशीनं मला पेपर मोठ्यानं वाचायला लावला. माझी नजर तपासायची होती. मग म्हणाली, पाणी आण गं. तहान-बिहान काही नव्हती, चाल बघायची होती. मुलगा बशीतल्या पोह्यांवरचं खोबरं कडेला सारत होता. खोबरं का आवडत नाही, एवढंसुद्धा मला त्याला विचारता आलं नाही.

तेव्हा मागणी मुलीकडूनच जायची, फक्त बोलायचे अण्णा. पल्लवीनं अण्णांचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं, एवढंच. नकार आला असता तर तिनं ऐकला असता, बापाला ऐकावा लागला नसता.

मेघना: अक्का, ह्यांनी दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत.

माधवकाका: अक्का, अण्णांचं सगळं मान्य. पण वडीलधाऱ्यांनी विचारणं निराळं आणि मुलीनं स्वतः निराळं. काही मर्यादा धर्मानंच घालून दिल्यात.

नंदाआत्या: धर्म काढलास बरं झालं. माझं जमेना म्हणून आईनं मला एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला बसवलं होतं, आठवतं? अठरा प्रसंग, रोज ओल्या केसांनी. लवकर लग्न ठरावं म्हणून घरोघरी उपवर मुलींना हेच वाचायला लावायचे. आणि आत काय आहे? रुक्मीनं, म्हणजे भावानं, शिशुपालाचं स्थळ पक्कं केलेलं. मुलगी ब्राह्मणाच्या हाती थेट द्वारकेला पत्र धाडते, मला तूच हवास. भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे. तीही नुसती प्रेमाची भाषा नाही, पक्की योजना आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येणार, तिथून मला घेऊन जा. दिवस, जागा, सगळं तिनं ठरवलं. कृष्णानं फक्त वेळेवर पोचायचं.

ऋचा: म्हणजे ज्या मुलीनं स्वतः मागणी घातली तिची पोथी वाचायची, आणि आपण गप्प बसायचं?

नंदाआत्या: ओल्या केसांनी.

सुजित (डब्लिन): आत्या, ही पोथी कधीची?

नंदाआत्या: १५७१. काशीत पूर्ण केली नाथांनी. आणि रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यात. माझी नणंद तिकडचीच, त्यामुळे हे फार ऐकून आहे मी.

बाळासाहेब (सांगोला): राम राम मंडळी. रानात होतो, आत्ता वाचलं. माधवदादा, तुमचं पुण्या-मुंबईचं चालू द्या, आमच्याकडं गाडी कवाच उलटी फिरलीय. आता पोराचा बाप पिशवी घेऊन हिंडतोय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात पोरं नवरदेव होऊन, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेलती, लग्नाला मुली मिळंनात म्हणून. गर्भलिंग तपासणीचा कायदा नीट राबवा, ही पण मागणी होती त्यांची. पोरीच कमी होऊ दिल्या तर दुसरं काय हुणार. आमच्या विक्रमला बागायत हाय, ट्रॅक्टर हाय, डाळिंब हाय. मुलीकडचे पहिला सवाल काय करतात? पुण्यात फ्लॅट हाय का.

माधवकाका: हे मात्र खरं आहे.

ऋचा: फुल्यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक लग्नाच्या पूजाविधींचं पुस्तक काढलं, त्यातल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते. बायकांना हक्क देईन अशी शपथ वराकडून मांडवातच मागते. आपण अजून विचारायचं कोणी यावर अडलोय.

मेघना: ते सगळं ठीक. मला एवढं सांगा, पत्रिका पाठवू की नको? त्या बाईंना उत्तर द्यायचंय.

पल्लवी: मीटिंगमध्ये होते, आत्ता वाचतेय. काका, गळ्यात-बिळ्यात नाही पडले. मला वाटायचं तो विचारेल, त्याला वाटायचं मी नाही म्हणेन. अशात किती दिवस घालवायचे? शेवटी कर्वे रोडला अमृततुल्यात उभ्याउभ्या विचारलं. तो 'हो' म्हणाला आणि पुढचं वाक्य, 'आता आईला कोण सांगणार?' तेही मीच सांगितलं.

त्याच्या आईंचं मला कळतं. थोरल्या मुलीच्या वेळी त्या आणि त्याचे बाबा पत्रिका घेऊन हिंडले, नको नको ते ऐकून घेतलं. आता मुलाच्या वेळी कोणीतरी आपल्या दारी यावं असं वाटत असणार. म्हणून मी भांडणार नाही. पण बाबा एकटे पिशवी घेऊन जाणार नाहीत. दोघांच्या पत्रिका दोन्ही घरांनी एकाच दिवशी द्यायच्या, त्यांना बघायच्या असतील तर बघू देत. आधी त्यांनी आपल्याकडे यायचं, मग आपण सगळे घर बघायला नाशिकला. साखरपुडा आणि लग्न, खर्च निम्मा निम्मा. अंगठी, चेन काही नाही.

नंदाआत्या: नाशिकला मी येणार. त्याला पेपर वाचायला लावते.

पल्लवी: चष्मा आहे त्याला. आधीच सांगते.

माधवकाका: खर्च निम्मा हे तोंडी ठेवू नका. बैठकीत याद्या होतील तेव्हा लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. मी येतो त्या दिवशी. आणि १९६१ चा हुंड्याचा कायदा मला कोणी शिकवू नका, 'आम्हाला काही नको, तुमच्या हौसेनं द्या' हे वाक्य मी त्याच कायद्यानंतर सगळ्यात जास्त ऐकलंय.

मेघना: दादा, तुम्ही असलात की मला काळजी नाही.

माधवकाका: फक्त तिथं 'मुलीनं विचारलं' हा विषय आपणहून काढायचा नाही. त्यांनी काढला तर मी बघतो. मुलाची जन्मवेळ पाठव गं पल्लवी.

पल्लवी: त्यालाच माहीत नाही. आईंना विचारून सांगते.

बाळासाहेब (सांगोला): पल्लवी, त्या मुलाला धाकटी बहीण हाय का?

पल्लवी: आहे. एमएस्सी करतेय. का?

बाळासाहेब (सांगोला): नाही, विक्रमचा बायोडाटा पाठवू का तुला?

पल्लवी: मला नको. विक्रमदादाला म्हणावं साखरपुड्याला ये आणि स्वतः बोल तिच्याशी.

बाळासाहेब (सांगोला): त्याला कुठलं जमतंय. मीच येतो.