मदत हवी आहे: पेशंट एक, केसपेपर दोन गावांत

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकडे आमचा छोटा धर्मादाय दवाखाना आहे. हंगामात बीडकडचे ऊसतोड कामगार येतात. परवा एका मावशींनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी सोडली, तर घामाने बीपीच्या गोळीचं नावच विरलेलं. गावाकडच्या दवाखान्यात नोंद आहे, पण आमच्या कॉम्प्युटरवर ती दिसत नाही. मग व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचा. मला हे मुळीच पटत नाही.

म्हणून वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी जोडणारे १४ अंकी ‘आभा’ (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) क्रमांक काढायला घेतले, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं! नोंदी बघायला पेशंटची संमती हवी, हे बरोबरच. पण साधा फोन असलेल्याने ती द्यायची कशी? छोट्या दवाखान्यात कुणी हे ‘आभा’चं काम चालवलंय का? कोणतं सॉफ्टवेअर घेतलंत, खर्च किती आला?