मदत हवी आहे: नवीन टीव्ही आला, जुनी स्टिक आत्याला द्यावी का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीत आमच्याकडे नवीन टीव्ही आला. यूट्यूब आणि बाकीची अ‍ॅप्स त्याच्यात आतच आहेत, त्यामुळे जुन्या टीव्हीच्या मागे लटकणारी अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक (साध्या टीव्हीवर इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारी) रिकामी झाली. २०१७ साली ही स्टिक भारतात पहिल्यांदा ३,९९९ रुपयांना विकायला आली, आमची तेव्हाचीच. १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा एवढंच तिच्यात आहे, म्हणून जड अ‍ॅप उघडायला वेळ घेते. पण यूट्यूब एकदा सुरू झालं की दोन-दोन तास न अडता चालतं. परवा मुद्दाम लावून पाहिलं.

चालू वस्तू घंटागाडीत टाकायला माझं मन होत नाही. नवी पेठेत एका दुकानात विचारलं, त्यांनी ३०० रुपये सांगितले. घरचे म्हणतात, ठेव कपाटात, कधीतरी लागेल. पण कपाटात गेलेली वस्तू आमच्याकडे परत बाहेर येत नाही. दोन मोबाईल आणि एक मोडेम तिथेच पडून पडून निकामी झाले.

माझ्या डोक्यात आत्या आहे. ती विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एकटी राहते. तीस वर्षं विड्या वळल्या, आता गुडघे गेलेत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, तिने कधी चुकवला नव्हता. गेली दोन वर्षं मात्र घरीच होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा शेजारच्या पोराच्या मोबाईलवर तिने थोडं पाहिलं होतं. म्हणाली, "सातही नंदीध्वज दिसले गं, पण बोटाएवढे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याकडे ३२ इंची टीव्ही आहे, साधा. यंदाचा अक्षता सोहळा तिने त्याच्यावर मोठा बघावा, एवढीच इच्छा आहे.

अडचणी अशा आहेत. तिच्या टीव्हीला एचडीएमआयची एकच जागा आहे आणि तिथे केबलचा सेट टॉप बॉक्स जोडलेला आहे. घरात वायफाय नाही. तिच्या मोबाईलवर दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असतं, ते मुलगा पुण्याहून करतो. हॉटस्पॉटवर स्टिक किती डेटा खाईल?

दुसरं, खात्याचं. मागे एका ओळखीच्यांना मी जुना टॅब दिला होता आणि माझं खातं काढायचं राहून गेलं. त्यांच्या लहान मुलाने गेम खेळता खेळता माझ्या कार्डावरून खरेदी केली. पैसे परत मिळाले, पण ती बाई अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. चूक माझी, आणि ओशाळली ती. आत्याच्या बाबतीत असं काही व्हायला नको आहे.

आणि खरा प्रश्न हा की मी तिला वस्तू देतेय की नसती कटकट? दोन रिमोट, हॉटस्पॉट, अपडेट. उद्या बंद पडली तर तिला वाटेल आपल्याच हातून बिघडली. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना असं काही जोडून दिलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, एचडीएमआयची काळजी सोडा. सेट टॉप बॉक्सच्या मागे बहुतेक वेळा लाल, पांढरी, पिवळी अशी तीन पिनांची जागाही असते. टीव्हीलाही ती असेल तर केबल त्या वायरने जोडा आणि एचडीएमआय स्टिकला मोकळी करा. केबलचं चित्र थोडं मऊ दिसेल, ३२ इंचावर फारसं जाणवत नाही. आधी दोन्हीकडच्या जागा बघून घ्या, मगच वायर विकत आणा.

स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या अ‍ॅडाप्टरवरूनच द्या. टीव्हीच्या यूएसबीत लावली तर चालल्यासारखी वाटते आणि मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, कारण साध्या यूएसबी २.० ला अर्धा अँपिअरच मिळतो आणि अ‍ॅडाप्टर एक अँपिअरचा असतो. आमच्या वडिलांकडे महिनाभर आम्ही स्टिकलाच दोष देत होतो. सोबत आलेला एचडीएमआयचा छोटा तुकडाही वापरा. टीव्हीला अगदी चिकटून बसली की गरम होते, आणि सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू.

खात्यासाठी सेटिंग्जमध्ये माय फायर टीव्हीत जाऊन फॅक्टरी रीसेट करा. मग अ‍ॅमेझॉनच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतूनही ती काढा. नंतर रिमोटने ओळख दिली नाही तर होमचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

प्रतिसाद

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या आईला आम्ही असंच जोडून दिलं होतं. चार दिवसांनी तिने केबलसुद्धा लावणं सोडलं, कारण कुठलं बटण दाबलं की काय येतं हेच कळेना. जुन्या स्टिकवर अ‍ॅपवाले एकेक करून पाठिंबा काढत जाणार, ते वेगळंच. आज यूट्यूब चालतं, उद्याचं कोण सांगणार? देणारच असाल तर आधी त्यांना विचारा, हवंय का म्हणून. नको म्हणाल्या तर ई-कचऱ्यात द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात मात्र देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळतात आणि तो धूर वस्तीतल्याच लोकांच्या नाकात जातो.

प्रतिसाद

हौ ताई, द्या की. आमच्या सासूबाई अशोक चौकात असतात, त्यांना दीड वर्षापूर्वी जोडून दिलं. नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथाची मिरवणूक घरात बसून बघितली त्यांनी, डोळ्यातून पाणी आलं.

डेटाचं गणित सांगते. चित्राचा दर्जा ४८० वर (एचडीपेक्षा कमी) ठेवला तर तासाला पाऊण जीबीच्या आसपास जातो. दीड जीबीत दोन तास निघतात. एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत जातो, म्हणजे अर्ध्या तासात आत्याबाईंचा दिवस संपला. यूट्यूबमध्ये व्हिडिओ लावल्यावर दर्जा हाताने ४८० करायचा. सेटिंग्जमध्ये डेटा मॉनिटरिंग आहे तेपण चालू करा, मर्यादेपाशी आलं की सूचना येते. अ‍ॅपस्टोअरचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. आणि बघून झालं की बोर्डावरचं बटणच बंद करायला शिकवा. नुसता टीव्ही बंद केला तर स्टिक आत चालूच राहते.

फुकट सिनेमे दाखवणारं कुठलं अ‍ॅप कुणी टाकून देतो म्हणालं तर टाकू देऊ नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांनी "आधी विचारा" म्हटलं त्यांचे जास्त. मी इतका विचार केला, पण आत्याला विचारलंच नव्हतं. फोन केला. तिने पहिला प्रश्न केला, "केबल तशीच राहील ना?" दुपारची मालिका जाणार असेल तर तिला काहीच नको होतं. राहील म्हटल्यावर म्हणाली, "मग आण."

रिमोट उघडला तर एका सेलमधून पांढरं फुटून स्प्रिंगवर बसलं होतं. लिंबाच्या थेंबाने काडीवरच्या कापसाने पुसलं, कोरडं केलं, नवीन सेल घातले. ज्यांच्या जुन्या वस्तू कपाटात आहेत त्यांनी सेल आजच काढून ठेवा. अजून महिना गेला असता तर रिमोट गेलाच होता.

आत्येभाऊ शनिवारी रात्री पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने आला. रविवारी सकाळी मी रीसेट केलेली स्टिक घेऊन गेले. त्याने स्वतःच्या नावाने खातं जोडलं, त्यात कुठलंही कार्ड नाही. ते खातं फुकट निघतं, पैसे भरायची गरज नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. यूट्यूब लॉगिन न करताच ठेवलं. सेट टॉप बॉक्स तीन पिनांच्या वायरवर गेला. पिवळी आधी चुकून लाल जागेत लागली होती, आवाज आला आणि चित्र नाही. आत्या घाबरली. बदलल्यावर चित्र आलं तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.

दोन रिमोटांचा गोंधळ खरा आहे. केबलवरून स्टिकवर जायला टीव्हीच्या रिमोटचं सोर्स बटण दाबावं लागतं. आम्ही त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि स्टिकच्या होम बटणावर दुसरा. "लाल, मग लाल," असं तिने चार वेळा करून दाखवलं. वर्षानुवर्षं पानं कापून आणि दोरा गुंडाळून तिची बोटं ताठ झालीत, रिमोटवरच्या गोल चकतीच्या कडा तिला नीट दाबता येत नाहीत. त्यामुळे शोधण्याचं काम तिच्यावर ठेवलं नाही. बघितलेले व्हिडिओ पहिल्या पानावर राहतात, तिथून मधलं बटण दाबायचं, बस्स.

मागच्या वर्षीचा अक्षता सोहळा लावला. ती उठून टीव्हीजवळ गेली. गर्दीत कुठे उभं राहायचो ते काचेवर बोट ठेवून आम्हाला दाखवलं. अर्ध्या तासाने भावाने मोबाईल पाहिला, चारशे एमबीच्या आत होतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. अक्षतेच्या दिवशी थेट प्रक्षेपण तीन-चार तास चालतं, तेवढं दीड जीबीत बसणार नाही. त्या एका दिवसापुरतं जादा डेटाचं रिचार्ज भाऊ करणार आहे. पण त्या दुपारी शहरात एवढी गर्दी असते, तेव्हा नेटवर्क टिकतं का? विडी घरकुल किंवा कुंभारीच्या बाजूला राहणाऱ्यांचा अनुभव असेल तर जरूर लिहा, म्हणजे त्या दिवसापुरतं शेजारच्यांचं वायफाय आधीच मागून ठेवता येईल.