घरातली यंत्रं बंद केली तर तब्येती सुधारतील का?

कऱ्हाडकर
आमच्या आजीचं पहाटे जात्यावर दळण, मग आडाचं पाणी, दिवसभर खुरपणी. तिला वेगळ्या व्यायामाची गरज पडली नाही. आता मिक्सर, वॉशिंग मशीन, लिफ्ट, भाजीसुद्धा घरपोच. वर पैसे भरून ट्रेडमिलवर चालायचं! २०२२ची आकडेवारी मांडणारा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला होता. त्यात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. माझं स्पष्ट मत आहे : निम्मी यंत्रं बंद करा, अंगमेहनत परत आणा.

माणदेशी लेक
दादा, हे वाचून राग आला. यंत्रं बंद केल्यावर कुणाचं काम वाढणार, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जात्यावर बसणारी आजी सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खायची. ओझी वाहून अंग (गर्भाशय) बाहेर आलेल्या बायका त्या पिढीत किती होत्या, ते गावातल्या कुठल्याही सुईणीला विचारा. त्या बायका बोलल्या नाहीत, म्हणून त्या निरोगी होत्या असं नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. गरोदरपणातही जास्त कष्ट उपसणाऱ्या बायकांची बाळं आकाराने लहान भरली. तिथली बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, अशीही नोंद झाली. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे आजच्या दुखण्याचं एक मूळ त्या अर्धपोटी कष्टातच आहे, असं मी मानते. ते कष्ट परत कशाला आणायचे?

कऱ्हाडकर
ताई, गरोदर बाईने हंडे वाहावेत असं मी म्हटलेलं नाही. लादी मुलग्याने पुसावी, पाणी बापाने भरावं. पण सगळं बटणावर आलं तर शरीर हलणार कधी? त्याचं उत्तर तुमच्या अभ्यासात नाही.

पेठेतला सायकलवाला
तुम्ही दोघंही घराबाहेर पडायला तयार नाही! माझे वडील शनिवार पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने जायचे. व्यायाम म्हणून नव्हे, कामावर पोचायला. १९७२मध्ये पुण्यातूनच लुना ही मोपेड निघाली, मग घरोघरी स्कूटर, मग घरटी दोन गाड्या. आज सायकल ट्रॅकवर मोटारी उभ्या असतात आणि फुटपाथवर टपऱ्या. पोराला सायकलवर शाळेत धाडायची माझीच छाती होत नाही. त्याला आळशी कसं म्हणू?

माणदेशी लेक
रस्त्याचं पटलं. पण बाईसाठी रस्ता नीट असून भागत नाही. दिवे लागतात, मोकळा तास लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की अजूनही हंडे बायकाच वाहतात, त्यांच्या घरात आधी नळ द्या. आणि शाळेची मैदानं संध्याकाळी मुलींसाठी उघडी ठेवा. आमच्या भागातल्या पोरी खो-खोला जीव टाकतात, पण लग्न ठरलं की खेळ बंद. त्यांना तिशीतही खेळता येईल अशी सोय गावात कुणी केली असेल तर इथे लिहा. मला आमच्या ग्रामसभेत ते मांडायचं आहे.